‘कॅप’ची पुस्तिका: दारूच्या प्रश्नावर चार बैठका, वापरून पाहिल्यावर

गोव्यातल्या संगाथ या संस्थेने तयार केलेली ‘कॅप’, म्हणजे ‘कौन्सेलिंग फॉर अल्कोहोल प्रॉब्लेम्स’ची पुस्तिका मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बरेच दिवस वापरते आहे. माझ्याकडे आहे ती इंग्रजी आवृत्ती, फुकट उतरवून घेतलेली. मी डॉक्टर नाही, माझ्याकडे मानसशास्त्राची पदवीही नाही. पुस्तिका लिहिली आहे ती माझ्यासारख्यांसाठीच. या पद्धतीवर गोव्यात झालेल्या अभ्यासात ज्यांनी या बैठका घेतल्या ते समुपदेशक साधी, थोडं प्रशिक्षण घेतलेली माणसं होती.

काम सुरू होतं ‘ऑडिट’च्या दहा प्रश्नांपासून. ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली, एकूण गुण 40. आमच्याकडे कोणी ‘मला दारूचा त्रास आहे’ म्हणून केसपेपर काढत नाही. माणूस येतो पित्तासाठी, बीपीसाठी, गाडीवरून पडून हात खरचटला म्हणून. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘जास्त नाही ताई, एक क्वार्टर.’ 180 मिलीच्या त्या बाटलीत नेहमीची 42.8 टक्क्यांची दारू असेल, तर साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. प्रश्नावलीच्या 10 ग्रॅमच्या मापाने ती सहा पेयं झाली. मी हा हिशेब कागदावर त्याच्यासमोर मांडते. अंगावर ओरडल्याने जे होत नाही ते या आकड्याने होतं. माणूस कागद स्वतःकडे ओढून घेतो.

पुस्तिकेची खरी ताकद पुढच्या संभाषणात आहे. जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येकी अर्धा ते पाऊण तास. आधी त्याच्या पिण्याचं चित्र त्याच्यापुढे ठेवायचं आणि काय बदलायचं ते त्यालाच ठरवू द्यायचं. मग नाही म्हणायचा सराव, मित्रांचा आग्रह, राग, झोप न येणं, पैशाची चिंता. शेवटी, पुन्हा सुरू झालीच तर काय करायचं. उपदेश कुठेच नाही. ‘बायको म्हणाली म्हणून आलो’ म्हणणाऱ्याला मी विचारते, ‘तिचं राहू द्या भाऊ, तुम्हाला स्वतःला यातलं काय खटकतं?’ या प्रश्नानंतर जी शांतता पसरते ती मोडायची नाही, हे मला या पद्धतीने शिकवलं. सरावात मी मित्र होते: ‘अरे, पगार झालाय, बस ना थोडा वेळ!’ सुरुवातीला सगळे खाली बघून हसतात, गोळ्या चालू असल्याचं कारण देतात. दोनचार वेळा म्हटल्यावर ‘नको, मी बंद केलीय’ हे सरळ डोळ्यांत बघून येतं.

समुपदेशकांनी एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठका ऐकून गुण द्यायची पद्धतही मला फार मोलाची वाटते. आम्ही पेशंटची परवानगी घेऊन तसं करतो. शेजारच्या केंद्रातल्या ताईंनी ऐकून सांगितलं की मी घाईने सल्ल्याकडे वळते. असं सांगणारं माणूस तालुक्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही.

परिणामांचं म्हणाल तर गोव्यातल्या 10 आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर अभ्यास झाला आणि तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2017 मध्ये छापून आला. तीन महिन्यांनी, आधीच्या 14 दिवसांत दारूला न शिवलेले पुरुष समुपदेशन घेतलेल्यांत 42 टक्के होते, न घेतलेल्यांत 18 टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकला. पण जे पीतच राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात तीन महिन्यांच्या मोजणीत फरक पडला नव्हता, आणि घरातल्या मारहाणीतही नाही. दुसऱ्या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. केंद्राच्या बाकावर नवऱ्याची वाट बघत बसलेल्या बाईला नेमकी तीच आशा असते. तिच्यासाठी वेगळी सोय लागते. ‘त्याची दारू सुटली की सगळं थांबेल’ असं मी तिला सांगत नाही. अभ्यासात पुरुषच होते, त्यामुळे पिणाऱ्या बायकांबद्दल त्यातून काही हाती लागत नाही.

आणि आता मोठी मर्यादा. हा अभ्यास ऑडिटचे गुण 12 ते 19 असलेल्यांचा होता. 20 किंवा जास्त गुण म्हणजे बहुधा शरीराला सवय जडलेली. अशा पुरुषांवर गोव्यातच वेगळा, लहान अभ्यास झाला. त्यात ठाम सांगता येईल इतका फायदा दिसला नाही. मला ते पटतं. ज्याचे हात सकाळी थरथरतात, ज्याला उठल्या उठल्या घोट लागतो, त्याला ‘उद्यापासून बंद करा’ म्हणणं धोक्याचं आहे. अचानक थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होऊ शकतो, आणि यात जीवही जातो. म्हणून सकाळच्या घोटाच्या प्रश्नाला ‘हो’ आलं की मी बैठकीचा कागद बाजूला ठेवते आणि आधी डॉक्टरांकडे नेते. थरथर आवरायची औषधं, थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, गरज पडली तर भरती. बोलणं तेव्हाही चालूच राहतं, पण औषधाच्या जोडीने. एका मोठ्या दवाखान्यातून आमच्या पेशंटला ‘आधी सोडा, मग या’ म्हणून परत पाठवलं होतं. त्या दिवशीचा माझा राग अजून उतरलेला नाही. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कुठली तरी मदत मिळाल्याचं दिसलं होतं. तिथवर पोचलेल्या माणसाला दारातून परतवायचं कसं?

प्राथमिक केंद्रात काम करणाऱ्या कोणीही ही पुस्तिका जरूर घ्यावी. आशाताईंनी आणि परिचारिकांनी तर घ्यावीच. पण सुरू करण्याआधी आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत बसून 20 किंवा जास्त गुण आले तर कोणाला फोन करायचा, भरती कुठे होईल, गाडी कोण देईल, हे लिहून भिंतीला लावा. केंद्र बंद असताना घरच्यांना विचारायला व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आहे, तो नंबर त्याच कागदावर मोठ्या अक्षरात घाला.