दहा गिअर उतरवले, एक ठेवला: आठ महिन्यांनंतर

मिरजेहून सांगलीच्या विश्रामबागेत रोज जाऊन येतो. रस्ता इतका सपाट की गिअर असले तरी हात लिव्हरकडं जातच नाही. काकांची नव्वद सालच्या आसपासची वाकड्या हँडलची रेसर सायकल माळ्यावर पडली होती. पुढं २ दातेरी चकत्या, मागं ५, म्हणजे गिअर १०, आणि चालू एकच. बाकी सगळं गंजून जाम. मी तिचीच सिंगल स्पीड करून घेतली. मावसभावानं त्याच महिन्यात ६,५०० रुपयांना सेकंडहँड गिअरची सायकल उचलली. गेले आठ महिने आम्ही दोघं अधूनमधून सायकली बदलून चालवतोय.

असा बदल करायचा असेल तर पैसे घालायच्या आधी एकच गोष्ट बघा. मागचा ॲक्सल फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो ती आडवी आहे की उभी? आडवी असेल तर चाक पुढंमागं सरकवून चेन ताणता येते. उभी असेल तर चाक सरकत नाही, मग स्प्रिंगचा टेन्शनर लावावा लागतो, आणि तो लावायचा तर सिंगल स्पीडचा साधेपणा गेलाच की. जुन्या लोखंडी फ्रेममध्ये बहुधा आडवी खाच मिळते. माझ्या नशिबानं आडवी निघाली. भावाच्या ॲल्युमिनियमच्या सायकलला उभी आहे.

मिस्त्री चाचांनी सायकल पाहिली आणि म्हणाले, "लोक गिअर बसवायला येतात, तुम्ही काढायला आलात." मागचं पाच चकत्यांचं फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारा दातेरी जुडगा) मात्र निघेना. तीन दिवस तेल पाजलं. शेवटी काढायचा पान्हा व्हाइसमध्ये पकडला आणि अख्खं चाक स्टेअरिंगसारखं दोघांनी मिळून फिरवलं, तेव्हा कुठं 'कट्ट' असा आवाज आला. त्या जागी साध्या काळ्या सायकलचं फ्रीव्हील बसलं, आटे तेच. फ्रीव्हील १८० रुपये, साधी रुंद चेन २२०, पायडलचे दांडे पक्के धरणाऱ्या कॉटर पिना ३०. गिअरची अरुंद चेन या फ्रीव्हीलच्या जाड दातांवर बसत नाही, पण रुंद चेन पुढच्या जुन्या पातळ चकतीवर चालते. पुढची ४० दातांची छोटी चकती ठेवली, कारण चेन तिच्यावरून सरळ रेषेत जाते. उतरवलेलं सामान पिशवीत भरून वाण्याच्या काट्यावर ठेवलं, सव्वा किलो भरलं.

इथवर काम स्वस्तात झालं. खरा खर्च चाकांनी केला. जुन्या स्टीलच्या रिमांवर पावसात ब्रेक लागतच नाही, दाबा आणि देवाचं नाव घ्या. शिवाय ती चाकं २७ इंची, त्या मापाच्या टायरची वानवा. म्हणून ७००-सी मापाच्या ॲल्युमिनियम रिमा घातल्या. त्या व्यासाला ८ मिलिमीटर लहान, म्हणजे ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली उतरवावे लागले. ब्रेकच्या खाचेत जागा तेवढीच शिल्लक होती, थोडक्यात वाचलो. रिमा १,९००, आरे ५००, टायर-ट्यूब १,७००, मजुरी ६००, ब्रेक रबर, केबल आणि हँडलची टेप मिळून ५००. सगळी बेरीज ५,६३०. फ्रेम घरची होती म्हणून परवडलं. विकत घेऊन हाच उद्योग करायचा असता तर मी तरी केला नसता.

चाक बांधताना एक गंमत पाहिली. पाच चकत्यांना जागा द्यायची म्हणून मागची रिम हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) एका अंगाला ओढलेली असते, उजवे आरे ताठ, डावे सैल. चकत्या गेल्या तशी चाचांनी ॲक्सलवरची वॉशरं इकडून तिकडं केली आणि रिम मध्यावर आणली. मग एकेक आरा नखानं छेडत, कान लावून, दोन्ही बाजूंचा सूर जवळजवळ एक केला. गाव सतारी करणाऱ्यांचं, तेव्हा नवल नको. त्या चाकाचा आउट (डुगडुग) आजवर काढावा लागलेला नाही, आणि मी खड्डे काही चुकवत नाही.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. सिग्नल सुटला, उभा राहून जोर दिला तर उजवीकडून चाक पुढं सरकलं आणि टायर फ्रेमला घासून सायकल जागीच थांबली. मागं ट्रॅक्टर होता, हॉर्नवर हॉर्न. फ्रेमच्या टोकांवर क्रोमचा मुलामा, नट पकड घेत नव्हते. दातेरी वॉशर घातले, नट मोठ्या पान्ह्यानं आवळले, परत तसं झालं नाही. चेनही तारेसारखी ताणू नका. चकती तंतोतंत गोल नसते, तिच्या एका फेरीत चेन कुठं घट्ट होते, कुठं सैल. सगळ्यात घट्ट जागी बोटानं दाबल्यावर सेंटिमीटरभर खाली गेली पाहिजे.

हौसेनं आधी मागं १६ दाती बसवलं होतं. पायडलच्या एका फेऱ्यात सव्वापाच मीटरच्या वर. जूनमध्ये ही हौस फिटली, कारण सकाळी जायचं पश्चिमेला आणि पावसाळ्यातला वारा तिकडूनच तोंडावर. गुडघे बोलू लागले. जुलैत १८ दाती घातलं. २ दातांच्या फरकानं ॲक्सल ६ मिलिमीटरच सरकतो, चेन तोडावी लागली नाही. आता मिनिटाला ८० फेरे मारले की ताशी २३ किलोमीटरच्या आसपास पळते, त्याहून जास्त घाई असेल त्यानं बसनं जावं. दंडोबा डोंगराच्या चढावर एकदा नेली. अर्ध्यात उतरून ढकलली, तेही सांगून टाकतो.

भावाची सायकल त्या दिवशी आरामात वर गेली. पण तीन महिन्यांत तिनं नवी चेन, मागच्या चकत्या आणि एक टायर मिळून २,३०० रुपये खाल्ले. घेताना त्यानं रंग बघितला, चेन मोजली नाही. सेकंडहँड बघायला जाताना खिशात पट्टी ठेवा. नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून मोजलं तर तिच्या पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर चेन गेली, आठवा भाग भरला तर चकत्याही गेल्या समजा आणि तेवढे पैसे जागेवरच कमी करून घ्या. पावसात त्याच्या डिरेलरमध्ये (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रात) आमची काळी माती अशी बसायची की रविवारची सकाळ जुन्या टूथब्रशनं ती उकरण्यात जायची. माझं काम बादलीभर पाणी, फडकं आणि चार थेंब तेल.

सध्या वारा पडलाय, १८ दाती हलकं वाटायला लागलंय. १६ दाती फ्रीव्हील तेल लावून डब्यात ठेवलंय, येत्या रविवारी चढवतो. जूनच्या आत परत उतरवायचं, हे बायकोनं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.