ऑब्स्ट्रक्शन आणि इंटरफिअरन्स : पंचांचे दोन निर्णय

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हातात नसलेल्या आणि टोलवलेला चेंडू अडवण्याच्याही प्रयत्नात नसलेल्या क्षेत्ररक्षकाने धावपटूला रोखले, तर ते ऑब्स्ट्रक्शन ठरते. उलट, टोलवलेला चेंडू अडवणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या वाटेत धावपटू आला, तर तो इंटरफिअरन्स होय. इंटरफिअरन्सचा निर्णय सरळ आहे : पंच दोन्ही हात वर करून खेळ तत्काळ थांबवतात आणि सामान्यतः धावपटू बाद होतो.

ऑब्स्ट्रक्शनमध्ये मात्र पंचांची खरी कसोटी लागते. पहिल्या बेसला (धावपटूने क्रमाने गाठायच्या ठिकाणांपैकी पहिल्याला) वळसा घालणाऱ्या धावपटूला तिथे रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकामुळे वाट वाकडी करावी लागली, तर धक्का लागला नसला तरी पंच डावा हात मूठ वळून आडवा धरतात आणि खेळ चालू ठेवतात. तोच धावपटू पुढे तिसऱ्या बेसवर पाऊलभराच्या अंतराने बाद झाला, तर अडथळ्याविना तो तिथे पोहोचला असता का, हे पंचांना ठरवावे लागते. उत्तर होकारार्थी असल्यास चेंडू मृत घोषित होऊन, म्हणजे खेळ थांबवून, त्याला तिसरा बेस मिळतो. पण तो खूपच मागे असताना बाद झाला असेल, तर बाद कायम राहतो. म्हणूनच अडथळा घडला त्या क्षणी धावपटूचा वेग आणि चेंडूची जागा या दोन्ही गोष्टी पंचांनी टिपणे मला अत्यावश्यक वाटते. हात वेळेवर आडवा झाला, पण नजर चेंडूमागेच राहिली, तर बेस बहाल करताना केवळ अंदाज उरतो.