रजिस्ट्री साफ करायला गेलो आणि १४,९७९ रुपये गेले

बावीस वर्षं डीटीपी करतोय, कॉम्प्युटर मला नवा नाही. पण मार्चमध्ये संस्थांच्या अहवालांची घाई आणि पीसी सुरू व्हायला सहा मिनिटं! स्क्रीनवर 'मोफत स्कॅन' आलं, दाबलं. १,८४७ रजिस्ट्री एरर, सगळे लाल. (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही.) १,९९९ भरले. लगेच 'सपोर्ट'चा फोन. रिमोट घेऊन, म्हणजे माझ्या पीसीचा ताबा तिकडून घेऊन, त्याने इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या घडामोडींच्या यादीतल्या) लाल खुणा दाखवल्या. धडधाकट विंडोजमध्येही त्या असतातच, हे तेव्हा ठाऊक असतं तर! वर्षाचं पॅकेज ८,८५०, जीएसटीसह. बिलावर जीएसटी नंबरच नव्हता. बिल आधी मागा.

खरा राग पुढच्या गोष्टीचा येतो. मुलीचा नवा लॅपटॉप खोक्यातून काढून दोन तासही झाले नव्हते. त्यावरही तोच स्कॅन केला, तर ९१२ एरर! ती म्हणाली, "बाबा, यात अजून काहीच टाकलं नाही, मग कचरा आला कुठून?" मी तिलाच गप्प केलं. सपोर्टवाला म्हणाला, "कंपनीतूनच येतात," आणि मी आणखी ४,१३० भरले. तिचा प्रश्न अजून झोपू देत नाही.

त्या 'सफाई'नंतर माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. त्याच्या नोंदीही पुसल्या गेल्या होत्या. तीन अहवाल दुसरीकडे गेले.

दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं होतं. २,६०० च्या एसएसडीने (हार्ड डिस्कऐवजी बसवायची वेगवान डिस्क) पीसी अर्ध्या मिनिटात सुरू होतो. रजिस्ट्रीत काढलेल्या प्रोग्रॅमच्या नोंदी मागे राहतात, पण त्या जेमतेम काही केबी. विंडोज हवी तेवढीच नोंद काढतं, अख्खी वही चाळत नाही. असले क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद करा, बस.

अमेरिकेत अशाच खोट्या स्कॅनपायी २०१९ मध्ये ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि सपोर्ट डॉट कॉम ही कंपनी, दोघांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. इथे? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला चाळीस मिनिटांनी फोन लागला. पोलीस ठाण्यात म्हणाले, "सेवा घेतलीत ना? मग ग्राहक मंचात जा." सायबर विभागाने परत ठाण्यात पाठवलं. बँकेत, "ओटीपी तुम्हीच टाकलात." मान्य, मीच टाकला, पण चोराचं खातं कुठल्या बँकेत उघडलं गेलं, हे कोणी विचारणार की नाही? तीन आठवडे झाले, तक्रार 'प्रक्रियेत' आहे.

पैसे गेल्या गेल्या १९३० ला कळवा, मी पाच दिवस लाजेपोटी गप्प बसलो. रिमोटचं ॲप काढून टाका, पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला. कार्डही बंद करा. माझ्या कार्डावर त्या पॅकेजच्या नूतनीकरणाची ८,८५० ची मागणी परत आली होती. नव्या कार्डाचे बँकेने २३६ रुपये कापले.