एक्सेलमधली यादी चिकटवायची कुठे, ॲक्सेसमध्ये की बेसमध्ये?

डेटाबेससाठी, म्हणजे नोंदी टेबलांत साठवून ठेवायला, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस घ्यावं की लिबरऑफिस बेस, हे ठरवताना बहुतेक जण किंमत बघतात. बेस फुकट आहे. ॲक्सेस विकत घ्यावं लागतं आणि विंडोजवरच चालतं. पण ज्यांचं निम्मं काम एक्सेलमधून याद्या उचलून आणण्याचं आहे, त्यांनी आधी दोघांची पेस्ट करायची रीत बघावी.

ॲक्सेसमध्ये काम झटपट होतं. एक्सेलमधल्या ओळी कॉपी करायच्या, टेबल उघडायचं, पेस्टखालच्या बाणातून ‘पेस्ट अपेंड’ निवडायचं. घोळ होतो तो रकान्यांच्या क्रमाचा. एक्सेलमध्ये आणि टेबलमध्ये क्रम सारखा हवा. मागे एका सोसायटीच्या सभासदांची यादी मी डोळे झाकून चिकटवली. एक्सेलमध्ये फ्लॅट क्रमांक आधी होता, टेबलमध्ये फोन. दोन्ही रकाने टेक्स्टचे, म्हणून ॲक्सेसने हूं की चूं केलं नाही. वर्गणीची पत्रं छापायला घेतली तेव्हा फ्लॅट क्रमांकाच्या जागी दहा आकडे दिसले.

रकान्याचा प्रकारच जुळत नसेल, ‘प्रायमरी की’ (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख ठरवणारा रकाना) दुसऱ्यांदा तीच आली असेल किंवा सक्तीचा रकाना रिकामा असेल, तर मात्र ॲक्सेस अडतं आणि नाकारलेल्या ओळी ‘पेस्ट एरर्स’ नावाच्या वेगळ्या टेबलात ठेवतं. पेस्ट फसली की आधी ते टेबल उघडा. कारण बहुधा तिथल्या पहिल्या दोन-चार ओळींतच सापडतं. लांबलचक पत्ते शॉर्ट टेक्स्टच्या 255 अक्षरांत मावत नाहीत, तो रकाना लाँग टेक्स्ट करावा. खाते क्रमांकाची सुरुवातीची शून्यं हवी असतील तर रकाना नंबर ठेवू नये.

बेसची तऱ्हा उलटी. उघड्या टेबलमध्ये ढीगभर ओळी चिकटवायला गेलात तर हाती निराशा येते, आणि नवखा माणूस इथेच ‘हे बंद पडलंय’ म्हणून सोडून देतो. डेटा कॅल्कमधून (लिबरऑफिसचं एक्सेल म्हणा) कॉपी करून बेसच्या मुख्य खिडकीतल्या टेबलांच्या यादीत पेस्ट करायचा असतो. मग ‘कॉपी टेबल’ची खिडकी उघडते. तिथे ‘अपेंड डेटा’ निवडून आधीच्या टेबलचं नाव अक्षरन् अक्षर तसंच द्यायचं; लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही चालत नाही. पुढच्या पायरीवर डावीकडे आपले रकाने, उजवीकडे टेबलचे, आणि बाणांनी वर-खाली करून जोड्या लावायच्या. कंटाळवाणं आहे खरं, पण माझा फोन-फ्लॅटचा गोंधळ इथे डोळ्यांसमोरच उघडा पडला असता.

बेसमध्ये प्रायमरी की नसलेल्या टेबलात नोंद करता येत नाही, हे आणखी एक. ‘पेस्ट करता येईना’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. आणि डेटा बेसच्या स्वतःच्या ओडीबी फाइलच्या पोटात असेल, तर शेवटी फाइल सेव्ह करायला विसरू नका.

रोज दहा-वीस ओळी भरायच्या असतील तर पैसे मोजून ॲक्सेस घ्या. वर्षातून दोनदा मोठी यादी येत असेल तर बेसच्या चार पायऱ्या परवडतात.

यादी जुन्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असेल तर दोन्हीकडे अगम्य चिन्हंच उमटतील. दोष पेस्टचा नाही. ती अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी प्रमाण संगणकी अक्षरं, नाहीतच; फॉन्ट बदलून ती नुसती वाचता येतील, पण ‘कुलकर्णी’ शोधलं तर सापडणार नाही. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, मग कॉपी.