सुरमईच्या ट्रोलिंगला मोनो की ब्रेडेड?

मोनो म्हणजे एकसंध नायलॉनची लाइन, ब्रेडेड म्हणजे बारीक धागे विणून केलेली. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला यातली कोणती हा प्रश्न फारसा पडत नाही. लांब फेकायचं तर ब्रेडेड, विषय संपला. ट्रोलिंगला, म्हणजे होडीमागून लुअर (नकली आमिष) ओढायला लागलं की मात्र हिशेब बदलतो, कारण इथे गरी माणूस बसवत नाही, होडी बसवते. म्हणून हिसका कधी द्यायचा आणि रीलवर लाइन कोणती भरायची, हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

पुढचं सगळं मालवण ते वेंगुर्ला रॉक्स या पट्ट्यात चालतं तशा ट्रोलिंगबद्दल आहे: आउटबोर्डची फायबर होडी, मागे तीन-चार रॉड, ५ ते ७ नॉट वेग, खोल जाणाऱ्या लुअर आणि गिऱ्हाईक मुख्यतः सुरमई. मोठ्या कुप्याच्या (ट्यूनाच्या) मागे लागणाऱ्यांचं मत वेगळं असू शकतं.

ब्रेडेडच्या बाजूचं आधी. तेवढ्याच ताकदीच्या मोनोच्या जवळपास निम्मी जाडी, त्यामुळे पाणी तिला कमी अडवतं आणि लुअर खोल उतरते. लुअरच्या खोक्यावर १५ किंवा २० फूट छापलेलं असलं तरी जाड मोनोवर ती तेवढी उतरेलच असं नाही. लहान रीलवर लाइन भरपूर बसते. शिवाय रॉडच्या टोकाची थरथर स्वच्छ वाचता येते. लुअरला शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी लागली की थरथर थांबते, ते ब्रेडेडवर लगेच कळतं. मोनोवर पाच-दहा मिनिटं कचरा ओढत फिरल्यावर कळतं. उन्हानेही ती मोनोइतकी खराब होत नाही. तोच रील जिगिंगला (जड लुअर खोल सोडून वर-खाली झटकत गरवायला) वापरणार असाल, तर वाद घालण्यात अर्थ नाही, ब्रेडेडच घ्या.

आता गरी बसते कशी ते पाहू. ६ नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ३ मीटर. सुरमई लुअरवर मागून किंवा आडवी येऊन तोंड मारते, त्याच क्षणी ती एका दिशेला आणि होडी दुसऱ्या दिशेला जात असते. ड्रॅग (ठरावीक ओढीनंतर लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) नीट लावलेला असेल तर तेवढ्यावर टोकदार गरी आत जातेच. तांडेलाने (होडी चालवणाऱ्याने) इथे एकच करायचं: इंजिन लगेच पाडायचं नाही. तीन-चार सेकंद, म्हणजे दहाएक मीटर, होडी तशीच पुढे जाऊ द्यायची. मग वेग हळूहळू उतरवायचा, पण गियर काढायचा नाही. रॉड होल्डरमधून उचलताना हिसका द्यायचा नाही, फक्त ताण धरून उचलायचा. पहिली धाव संपेपर्यंत हँडल फिरवण्यातही फायदा नाही, ड्रॅग सुटत असताना नुसतीच मेहनत होते. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी उरलेल्या लाइन आत घ्याव्यात.

हे पाठ असणाऱ्या माणसाला लाइन कोणतीही चालेल. अडचण होते ती होडीवर नेहमी असणाऱ्या त्या एका गड्याची. क्लिकर (लाइन सुटू लागली की वाजणारा रीलचा खटका) किंचाळला की तो रॉडवर झडप घालतो आणि दोन्ही हातांनी मागे हिसका मारतो. खाडीत तांबोशी गरवणाऱ्याचा हात तसाच घडलेला असतो, त्याला दोष देता येत नाही.

माझा कौल मोनोकडे गेला तो याच जागी. सुरमईच्या जबड्याची कड टणक, पण बाजूची कातडी पातळ. ती लुअर गिळत नाही, दातांनी कापायला येते. म्हणून गरी बऱ्याचदा तोंडाच्या कोपऱ्यात किंवा बाहेरून कातडीत अडकते. मागे ४० मीटर लाइन आहे, ३० पाउंडांची (तेवढ्या ओढीला तुटणारी) मोनो आहे आणि ड्रॅग ४ किलोवर आहे असं धरा. मोनो दोनेक मीटर सहज ताणली जाते. ब्रेडेड त्याच ओढीला फार तर हातभर देईल. ड्रॅग हा धक्का पूर्णपणे झेलत नाही, कारण थांबलेला स्पूल (रीलमधलं लाइन गुंडाळलेलं चाक) पहिल्यांदा हलायला जास्त जोर लागतो आणि जुन्या, मीठ बसलेल्या ड्रॅगमध्ये हा फरक आणखी वाढतो. मोनोत तो पहिला धक्का लाइन खाते. ब्रेडेडमध्ये तो थेट गरीवर जातो, त्यावर हिसका मारला की कातडीतलं भोक लांबट होतं.

गंमत अशी की मासा तेव्हा सुटत नाही. पुढची पाच मिनिटं सगळं छान चालतं. सुरमई होडीजवळ येते, होडी दिसताच दिशा बदलून पुन्हा पळते, लाटेवर होडी वर-खाली होते, लाइन क्षणभर सैल पडून परत ताठ होते. मोठ्या झालेल्या भोकातून गरी अलगद निसटते आणि गाफ (मासा वर ओढायचा आकडा) हातात घेतलेला माणूस पाण्याकडे बघत राहतो. माशाच्या दातांसाठी लावलेली वायर तुटलेली नाही, गाठ सुटलेली नाही, गरी वाकलेली नाही. दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडत नाही, म्हणून हे जास्त चिडवतं. आकडे ठेवलेले नाहीत, पण मोनोवर हे कमी घडतं याबद्दल मला फारशी शंका नाही.

ब्रेडेडवाल्यांचं उत्तर असं की ड्रॅग कमी ठेवा. बरोबरच आहे. मोनोवर चावा लागताना ३.५ ते ४ किलो ठेवत असाल, तर ब्रेडेडवर २.५ ते ३ ठेवा आणि मासा स्थिरावल्यावर वाढवा. सामान तोलायचा लटकता काटा लाइनला बांधून, रॉड ४५ अंशांत वाकवून, टोकापासून ओढून मोजा. हाताच्या अंदाजावर जाऊ नका. रॉडही मऊ टोकाचा घ्या. आणि लुअरवरच्या तिहेरी गऱ्या काढून एकेरी, रुंद वाकाच्या लावा. त्या जास्त मांस धरतात आणि चुकून हातात घुसल्या तरी निस्तरता येतात. हे सगळं केलं की दोन्ही लाइनमधलं अंतर बरंच कमी होतं, हे मान्य. फक्त ते प्रत्येक फेरीला, प्रत्येक रॉडवर आणि प्रत्येक गड्याकडून करून घ्यावं लागतं.

मोनोचे दोषही झाकायला नकोत. ती पाणी पिते आणि थोडी कमजोर होते. रीलवर बसून स्प्रिंगसारखी वळते. उन्हात ठेवली तर वर्षभरात बदलावीच लागते. जाडीमुळे स्पूल पटकन रिकामा होतो, आणि त्यावरचा घेर निम्मा झाला की तोच ड्रॅग जवळपास दुप्पट जड लागतो. म्हणून लांब धावणाऱ्या माशावर मध्येच ड्रॅग सैल करावा लागतो, हे लक्षात ठेवा. सुरमईच्या एका धावेला मात्र ३०० मीटर भरलेली मोनो सहसा पुरते.

ब्रेडेड भरायचीच असेल तर आधी स्पूलवर थोडी मोनो गुंडाळा, नाहीतर अख्खा गुंडा स्पूलवर गरागरा फिरतो आणि ड्रॅग बिघडला असं वाटतं. भरताना चांगला ताण द्या. सैल भरलेली ब्रेडेड ओढीखाली खालच्या थरांत रुतते, आणि पुढच्या धावेला तिथेच अडकून तुटते. तीन-चार लाइन मागे असताना मासा आडवा गेला की गुंता होतोच. मोनोचा गुंता बोटांनी सुटतो, ब्रेडेडचा सुरीनेच. एकाच होडीवर काही रॉड मोनोचे आणि काही ब्रेडेडचे ठेवणं सर्वांत वाईट: ताणलेली ब्रेडेड मोनोला करवतीसारखी कापते.

जिवंत बांगडा ओढायचा असेल तर नियम थोडे निराळे. वेग १ ते २ नॉट, ड्रॅग अर्धा ते एक किलो. सुरमई आधी शेपटाकडचा अर्धा बांगडा कापते, म्हणून पुढची गरी नाकात आणि मागची छोटी तिहेरी पाठीमागे, दोन्हींच्या मध्ये वायर. चावा लागला की तीन-चार अंक मोजा, मग ड्रॅग वाढवून नुसतं गुंडाळा. सर्कल गरी (टोक आत वळलेली) असेल तर हिसका पूर्ण वर्ज्य, ती फक्त वाढत्या ताणाने कोपऱ्यात वळते. इथेही मोनोची लवचीकता मोजण्यातली चूक पोटात घालते, ब्रेडेड लगेच ताठ होऊन बांगडा माशाच्या तोंडातून काढून घेते.

तर ट्रोलिंगपुरताच रील असेल, होडीवर नवखे असतील, १५-२० फुटांच्या खाली लुअर न्यायची नसेल, तर ३० पाउंडांची मोनो भरा. त्यापुढे बॉल बेअरिंग स्विव्हल (लाइनला पीळ पडू न देणारा फिरता जोड) आणि ६ किंवा ७ नंबरची एकपदरी वायर, अर्धा मीटर तरी. जिगिंगही करायचं असेल किंवा खोल ओढायचं असेल, तर मधला मार्ग आहे: स्पूलवर खाली ५० पाउंडांची ब्रेडेड, तिच्यावर ५० ते १०० मीटर ४० पाउंडांची मोनो. ट्रोलिंगला मागे सोडलेला सगळा भाग मोनोचाच राहतो, म्हणजे धक्का खाणारी लांबी मिळते. जिगिंगच्या दिवशी वरची मोनो काढून ठेवायची. तीन-चार मीटरचा लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला मोनोचा तुकडा) लावून हेच साधेल असं समजू नका, तेवढ्या लांबीत ताण खायला काही नसतं. ब्रेडेड-मोनोचा जोड एफजी गाठीचा (ब्रेडेड मोनोभोवती विणून केलेल्या बारीक गाठीचा) असावा, कारण जाड गाठ रॉडच्या कड्यांत अडखळते. निघण्यापूर्वी ती गाठ हाताला कापड गुंडाळून पूर्ण जोराने ओढून पाहा.