चार आठवडे कुठे द्यायचे: प्राधिकरण, वाडी की बंदर?

परीक्षा आटोपली की रत्नागिरी, कुडाळ, अलिबाग इथली कायद्याची मुलं फोन करायला लागतात. प्रश्न एकच असतो: "मॅडम, लोकांचं काम होतं अशा ठिकाणी इंटर्नशिप करायचीय, अर्ज कुठे टाकू?" मी रत्नागिरीत वकिली करते. दरवर्षी दोन-तीन मुलं विधी साहाय्याच्या कामात माझ्याबरोबर असतात. स्वतः शिकत असताना मी चांगल्या ठिकाणीही बसले आणि महिना वाया गेला अशा ठिकाणीही. त्या अनुभवावरून विधी सेवा प्राधिकरण, आदिवासी वाड्यांवरच्या संघटना आणि किनाऱ्यावरचं पर्यावरणाचं काम या तीन पर्यायांबद्दल हे लिहिते आहे.

आधी नियम बघा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर करता येत नाही, आणि एकदा तरी खालच्या व अपिलाच्या कोर्टात काम करणाऱ्या वकिलांकडे जावंच लागतं. म्हणजे तीन वर्षांवाल्याच्या हातात चार-चार आठवड्यांचे जेमतेम तीन तुकडे येतात. त्यातला एक वकिलांकडे गेला की उरले दोन.

हे दोन तुकडे ठिकाणाच्या नावावर उधळू नका. अर्ज टाकण्याआधी तिथे दोनच गोष्टी विचारा. पक्षकाराशी समोरासमोर बसून बोलायला मिळेल का? आणि मी लिहिलेला कागद कोण तपासणार? मी एका कार्यालयात पूर्ण महिना आवक-जावक रजिस्टरवर शिक्के मारले. शेवटी सुरेख कागदावर प्रमाणपत्र मिळालं. त्या महिन्यात अडचण घेऊन आलेल्या एकाही माणसाशी मी चार वाक्यं बोलले नाही, याची आजही हळहळ वाटते.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ही यंत्रणा उभी राहिली. ९ नोव्हेंबर १९९५ पासून कायदा लागू आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश आणि सचिवही न्यायाधीशच. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, दिव्यांग किंवा अटकेत असलेला कुणीही असेल, तर कलम १२ खाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. सासरहून निघून आलेली मुलगी, भावांनी सातबाऱ्यावरून नाव उडवलेली बहीण, गावकीने वाळीत टाकलेलं कुटुंब, सगळे याच दारात येतात. वाळीत टाकण्याविरुद्ध राज्याचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो होण्यामागे रायगडातल्या प्रकरणांचा मोठा वाटा होता.

इथलं खरं शिक्षण माझ्या मते तुरुंगात होतं. रत्नागिरीचं विशेष कारागृह, सावंतवाडीचा तुरुंग, अलिबागला हिराकोटातला तुरुंग, यांपैकी कुठेही लोकअभिरक्षकांबरोबर, म्हणजे प्राधिकरणाने आरोपींसाठी नेमलेल्या वकिलांबरोबर, जायला मिळालं तर सोडू नका. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायचं असतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. ऐकायला सोपं वाटतं. गेल्या वर्षी माझ्याबरोबरच्या एका मुलाने दिवसभर बसून यादी केली: नाव, कलम, अटकेची तारीख, कमाल शिक्षा, तिचा तिसरा हिस्सा. साध्या चोरीला तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष झालं की नाव यादीत. गणित चोख होतं. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की माणसावर एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा किंवा अनेक खटल्यांचा तपास वा सुनावणी चालू असेल, तर या तरतुदीने सोडता येत नाही. यादीतल्या एकाची दुसऱ्या तालुक्यात आणखी एक केस चालू होती. मुलाने कैद्याला विचारलंच नव्हतं, रजिस्टरवरून उतरवून घेतलं होतं. आम्ही यादी परत केली, या वेळी प्रत्येकाशी बोलून. तो मुलगा आता कुठलीही यादी माणसाशी बोलल्याशिवाय पुरी करत नाही.

दुसरी बाजूही सांगते. लोकअदालतीच्या आधीच्या आठवड्यात सगळी धावपळ नोटिसा आणि आकड्यांची असते. शिबिरांत भाषणं होतात आणि विद्यार्थी खुर्च्या लावतात. तुमचे चार आठवडे नेमके त्यात सापडले तर हाती फार काही लागणार नाही. म्हणून सचिवांना भेटून थेट विचारा की पक्षकार येऊन बोलतात त्या टेबलावर आणि तुरुंगभेटीला किती दिवस मिळतील. बहुतेक सचिव सरळ उत्तर देतात, काही तर अशा विचारणाऱ्या विद्यार्थ्याचीच वाट बघत असतात.

वाडीवरची संघटना

कशेडी घाट उतरून रायगडात गेलात की कामाचं स्वरूप पार बदलतं. पेण, सुधागड, रोहा, माणगाव, कर्जत या पट्ट्यात कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी हा एक. अनेक वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर वसलेल्या, पोटासाठी दळीची, म्हणजे डोंगरउतारावरची, जमीन किंवा वीटभट्टी. इथे सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटना वर्षानुवर्षं जमीन आणि वनहक्काचं काम करत आल्या आहेत. अशा ठिकाणी ऑफिस म्हणजे कधी एखादी खोली, कधी समाजमंदिराची पडवी.

काम मुख्यतः २००६ च्या वनहक्क कायद्याचं, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळवण्याचं. वैयक्तिक दाव्याला नमुना क, आणि आदिवासी दावेदाराचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला पाहिजे. पुराव्यात सरकारी कागदाबरोबर घर, बांध, विहीर, दफनाची जागा, देवस्थान आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. हा जबाब लिहिण्याचं काम विद्यार्थ्याकडे येतं.

माझी चूक सांगते. मी शिकत असताना एका वाडीवर एका आजोबांचा जबाब घेतला आणि झोकात लिहिलं, "सदर जमीन आमच्या वडिलोपार्जित वहिवाटीत पूर्वापार आहे." संघटनेच्या ताईंनी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आजोबा मान हलवत म्हणाले, "हा माजा बोल नाय." मग त्यांनी परत सांगितलं: आईला जिथे पुरली त्या आंब्याच्या खालच्या अंगाला नाचणी लावतो. महाडकडे दरडी कोसळून माणसं गाडली गेली, त्या पावसाच्या आधीच्या शिमग्याला आई गेली. त्या दरडी जुलै २००५ च्या. म्हणजे डिसेंबर २००५ ची अट एका आंब्याने आणि एका मरणाने भरून निघत होती, आणि माझ्या वकिली वाक्याने नेमकी तीच तारीख खाऊन टाकली होती. ताईंनी मला ओरडा दिला नाही. नवा कागद पुढे सरकवला.

कागद कोण तपासणार, हा प्रश्न मी का विचारायला लावते ते आता कळलं असेल. त्या ताई वकील नव्हत्या. पण माझं लिखाण त्यांनी ज्याचं होतं त्याच्यासमोर तपासलं.

वीटभट्टीचं काम याहून अवघड. पावसाळ्यात मालकाकडून उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, दिवाळीनंतर कुटुंबासह भट्टीवर जायचं आणि आठवड्याच्या खर्चीवर जगत मे महिन्यापर्यंत विटा पाडून ती फेडायची. हिशोब मालकाच्या वहीत. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्द होतं, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ ने मालकावर टाकलीय. तुमचं काम म्हणजे कुटुंबाशी बसून हिशोब मांडणं: उचल किती, हजार विटांना दर काय, खर्ची किती, आजारपणात किती दिवस गेले. इथे घाई आणि भाबडेपणा दोन्ही महागात पडतात. तुम्ही संध्याकाळच्या एसटीने घरी जाता, कुटुंब तिथेच राहतं. अनुभवी कार्यकर्ता सोबत नसेल तर या कामाला हात लावू नका.

आणि हंगाम बघा. दिवाळीच्या सुट्टीनंतर जाल तर अर्धी वाडी भट्टीवर गेलेली असते, घरात म्हातारी माणसं भेटतात. वनहक्काचे जबाब घ्यायचे तर पावसाळ्यासारखा काळ नाही. चिखल तुडवावा लागतो, पण माणसं घरी असतात.

किनारा आणि पर्यावरणाचं काम

तिसरा पर्याय मच्छीमार संघटना किंवा पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या गटांचा. २०१९ ची किनारा नियमन अधिसूचना, कांदळवनांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ आणि २०१८ चे आदेश, मासेमारी नियमनाचा १९८१ चा राज्याचा कायदा, असा इथला अभ्यास. दाद मागायची ती बहुधा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे. संशोधनाची आणि लिखाणाची हौस असेल तर इथे भरपूर वाव आहे: नकाशे वाचणं, माहिती अधिकाराचे अर्ज, जुन्या-नव्या उपग्रह चित्रांची तुलना, तारखांचा तक्ता.

तारखेला इथे फार महत्त्व आहे. न्यायाधिकरणाकडे मूळ अर्ज करायला कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, आणि पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. त्यामुळे "खाडीत भराव टाकलाय" एवढं लिहून भागत नाही. पहिला डंपर कधी आला, कुणी बघितला, फोटो कुठल्या दिवसाचा? बंदरावर जाळं शिवत बसलेल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, हे विचारायचं तर जून-जुलैत जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसांना बोलायला सवड असते.

या कामात एक गुंता आहे आणि तो विद्यार्थ्याने लवकर समजून घ्यावा. खाडीचं पाणी अडवणारा खारभूमीचा बांध फुटतो, दुरुस्ती होत नाही, भरतीचं पाणी भातशेतीत शिरतं आणि दोन-चार पावसाळ्यांत तिथे तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उभी राहतात. आता ती तोडता येत नाहीत. शेतकरी म्हणतो, सातबारा माझा, चूक बांध न बांधणाऱ्यांची, शिक्षा मला. पर्यावरणवादी म्हणतो, तिवर वाचलंच पाहिजे. दोघंही खरं बोलतात. तसंच किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणवाला आणि यांत्रिक होडीने मोठं जाळं टाकणारा पर्ससीनवाला, दोघंही मच्छीमारच. आपला पक्षकार कोण हे ज्या संघटनेत स्पष्ट असतं, तिथेच जा. "समाजासाठी" एवढंच उत्तर मिळालं तर आणखी चौकशी करा.

उणीव म्हणाल तर चार आठवड्यांत कुठलाच निकाल दिसत नाही, आणि कधी कधी माणूसही दिसत नाही, नुसती पीडीएफ दिसते.

मग कोणी कुठे जावं?

पैसा तिन्हीकडे जवळपास नाहीच. विद्यावेतन गृहीत धरू नका. प्राधिकरणात घरून ये-जा करता येते. वाडीवर राहायची सोय काय, शेवटची गाडी किती वाजता, मुली असाल तर रात्री सोबत कोण, हे आधी विचारून घ्या. विचारण्यात संकोच कसला? एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे एवढाच काय तो दिलासा. पर्यावरणाचं काम काही प्रमाणात घरबसल्याही होतं, पण पहिला आठवडा तरी प्रत्यक्ष जागेवर काढू द्या असा आग्रह धरा.

पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्याने प्राधिकरणात जावं असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे न्यायाधीश, वकील, पोलीस, कारकून आणि पक्षकार एकाच आवारात दिसतात, आणि आपला कायदा कुठे अडतो ते उमगतं. दुसरा तुकडा वाडीवर द्या. ज्याला माणसांशी बोलताना अवघडल्यासारखं होतं त्याने तर नक्कीच. आम्ही कोकणातली मुलं स्वतःला गावची समजतो, पण वाडी आणि गाव यांतलं अंतर आम्हालाही चालून पार करावं लागतं. किनाऱ्याचं काम निवडलं तर ते शेवटच्या वर्षासाठी ठेवा. प्रशासकीय कायदा आणि पुरावा शिकून झाल्यावर ते खऱ्या अर्थाने हाताला लागतं. पुढे हायकोर्टात जायचं ठरवलं असेल तर ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, हेही हिशोबात धरा. रायगडवाल्यांना मुंबईच.

मुंबईत मोठ्या संस्थेत जागा मिळतेय, जाऊ का, असं विचारतात. तिथे तपासणारं माणूस ठरलेलं असेल आणि पक्षकार भेटणार असतील तर जरूर जा. नुसती केस-लॉ शोधायची असेल तर ती कॉलेजच्या ग्रंथालयातूनही होते.

कुठेही गेलात तरी तुम्ही वकील नाही हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगा. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे सनद नसलेल्याला वकिली करता येत नाही, आणि लोक काळा-पांढरा पोशाख बघून विश्वास टाकतात. रोजनिशीत पक्षकाराचं नाव लिहू नका, आद्याक्षरही नको. त्यांचे फोटो स्टेटसला तर अजिबात नकोत.

आणि शेवटचे दोन दिवस नवीन काम घेऊ नका. तुम्ही हाताळलेल्या प्रत्येक प्रकरणावर एक पान लिहा: माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, कुठला कागद कुणाकडे दिला, पोच कुठे आहे, पुढची तारीख कोणती, आणि त्याला तुम्ही काय सांगून आलात. ते पान तुमच्या जागी येणाऱ्याच्या हातात द्या, आणि शक्य असेल तर त्या माणसाला जाऊन सांगा की उद्यापासून मी नाही, हिला विचारा.