डेमू आणि मेमू: छोट्या पल्ल्याच्या प्रवासासाठी कोणती गाडी बरी?

डेमू (डिझेल-इलेक्ट्रिक मल्टिपल युनिट) आणि मेमू (मेनलाइन इलेक्ट्रिक मल्टिपल युनिट) या दोन्ही गाड्यांना वेगळे इंजिन जोडावे लागत नाही आणि शेवटच्या स्थानकात इंजिन फिरवण्याचा खटाटोपही उरत नाही; फरक आहे तो शक्ती कुठून येते याचा. डेमूच्या पॉवर कारमध्ये, म्हणजे इंजिन बसवलेल्या डब्यात, चालकाच्या मागेच डिझेल इंजिन आणि अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) असतो, तेथे निर्माण झालेल्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात. मेमू मात्र २५ केव्हीच्या (२५ हजार व्होल्टच्या) ओव्हरहेड तारेतून वीज घेते.

प्रवाशाला हा फरक गाडी थांबल्यावर लगेच कळतो. डेमू फलाटावर उभी असतानाही पॉवर कारमध्ये इंजिनाची धडधड जाणवत राहते, मेमू त्या मानाने शांत असते. दर चार-पाच किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीसाठी वेग झटपट घेणे सर्वांत महत्त्वाचे आणि तेथे मेमू सरस ठरते. शिवाय नव्या थ्री-फेज मेमू ब्रेक लावताना वीज तारेत परत देतात.

तरीही तार नसलेल्या फाट्यावर मेमूचा काहीच उपयोग नाही. यावर एक तोडगा म्हणजे दोन्हींचा मेळ: इंग्लंडच्या पूर्व भागात २०१९ पासून धावणाऱ्या, स्टॅडलर या स्विस कंपनीच्या क्लास ७५५ गाड्या तारेखाली विजेवर आणि पुढे डिझेलवर चालतात. त्यांची इंजिने मधल्या छोट्या डब्यात असून प्रवासी त्यातूनच ये-जा करतात. मात्र तारेखालीही इंजिनांचे वजन वाहावेच लागते, म्हणून संपूर्ण विद्युतीकरण झालेल्या मार्गावर माझी पसंती निःसंशय मेमूलाच आहे.